स्पीडचं बटण

डहाणू रोडला गाडी दोनच मिनिटं थांबते, म्हणून आय घरूनच रडून घेऊन आली होती. तिने सुक्या बोंबलांची पुडी माझ्या हातात दिली, तीन पिशव्यांत गुंडाळलेली, आणि म्हणाली, "बाय, कुठंबी ऱ्हा, पाठ टेकू नको." दादाने बॅग वर चढवली आणि म्हणाला, "तिकडं कुणाला आपटू नको. सोडवायला मी नसेन." ते साल २०१७. मी एकोणीस वर्षांची, शाळा नववीत सुटलेली, पर्समध्ये पेशंट सांभाळायच्या कोर्सचा कागद. जायचं होतं इंदूरला.

दादा, हे तुझ्यासाठी लिहितेय. आणि माझ्यासारख्या ज्या मुली परक्या घरात राहायला गेल्या, त्यांच्यासाठीसुद्धा.

शाळा सुटल्यावर मी आयबरोबर बोंबील वाळत घालायचे आणि दादा स्टेशनबाहेरच्या गेमच्या दुकानात कामाला होता. दुपारी दुकान रिकामं असलं की तो मला खेळू द्यायचा. रेसलिंगच्या पहिल्याच गेममध्ये मी एका धिप्पाड माणसाला उचलून आपटलं. त्याची पाठ टेकली. जत्रेतल्या कुस्त्या बघून बा आम्हाला सांगायचा की पाठ टेकली म्हणजे कुस्ती संपली. म्हणून मी रिमोट खाली ठेवला आणि पाणी प्यायला गेले. परत येते तर तो उठून माझ्या माणसाला खुर्चीने बडवत होता. दादा हसून हसून काउंटरवर आडवा. "अगं येडे, तीन मोजेपर्यंत दाबून धरायला लागतं."

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. टीव्हीवरच्या रेसलिंगचा निकाल म्हणे आधीच ठरलेला असतो. असेल. गेममध्ये कुणीच काही ठरवलेलं नसतं, म्हणून मला गेम जास्त खरा वाटतो. रेफ्री ऐन वेळी दुसरीकडे बघतो आणि पब्लिकमध्ये एकाच तोंडाची पन्नास माणसं बसवलेली असतात, तेवढं सोडा. पण पाठ टेकल्यावरही उठायला वेळ देतात, हा नियम मला आपल्या कुस्तीपेक्षा मायाळू वाटतो.

इंदूरचं घर नवव्या मजल्यावर. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका, अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. त्यांचा मुलगा सकाळी ऑफिसला जातो, ते थेट दिवेलागणीला येतो. काकूंना एकटं सोडायचं नाही, म्हणजे मीही खाली जायचं नाही. लिफ्टचा आवाज यायचा आणि दुसऱ्याच कुठल्यातरी मजल्यावर थांबायचा. घर शाकाहारी, त्यामुळे बोंबलांची पुडी मी उघडलीच नाही. माणसं मात्र देवासारखी. मला वेगळी खोली दिली, ताटही त्यांच्यातलंच. त्यामुळे इथे कोंडल्यासारखं होतं, हे मनातल्या मनात म्हणायचीही लाज वाटायची.

मुलाचा जुना गेम कपाटात पडून होता. व्यायामवाल्या मॅडम म्हणाल्या, काकूंचा डावा हात चालता ठेवा, तेव्हा मी तो बाहेर काढला. त्यात मोटारींची रेस होती. साध्या गाडीसारख्या दिसणाऱ्या चाळीस गाड्या एका लांबट गोलात पळतात आणि फक्त डावीकडे वळतात. लोक या रेसला हसतात. मी म्हणते, एकदा खेळून बघा. पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून राहायचं, वारा तिने खायचा, आणि शेवटच्या फेरीत अलगद बाजूने निघायचं. घाई केली की भिंत. मात्र आपण पुढे गेलो की मागच्या गाड्यांना अचानक पंख फुटतात, ही त्या गेमची लबाडी.

चार वाजता चहा झाला की आम्ही एकच रिमोट दोघींत धरायचो. डाव्या अंगठ्याने काकू गाडी वळवायच्या, उजवीकडचं स्पीडचं बटण मी दाबायचे. "सोड, सोड, वळण आलं," काकू म्हणायच्या. "अजून नाही, काकू." "मी पस्तीस वर्षं वर्तुळं शिकवली गं." आणि आम्ही भिंतीवर.

सहा महिन्यांनी मला सेटिंगमध्ये दिसलं की स्पीडचं बटण डावीकडे, पहिल्या बोटाखाली घेता येतं. म्हणजे काकूंना एकटीने गाडी चालवता आली असती. मी ते पान बंद केलं आणि कुणाला सांगितलं नाही. माझ्यावाचून चालतं असं दिसलं, तर मला परत पाठवतील. परत म्हणजे घरीच, जिथे जायला जीव तुटत होता. तरी भीती वाटायची, कारण आयचं गुडघ्याचं औषध माझ्या पगारावर होतं. त्यानंतर रोज चार वाजता बटण दाबताना वाटायचं, या बाईला मीच बांधून ठेवलंय.

आणखी सहा महिन्यांनी दादाचं लग्न ठरलं. आय फोनवर म्हणाली, "हळदीला करवली नको का?" आठ दिवस मी रजा मागायचं टाळत राहिले. काकूंचा चेहरा पाहिला की मी चहा ठेवायला उठायचे. नवव्या दिवशी मी रेसच्या आधी बटण डावीकडे घेतलं, रिमोट त्यांच्या मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवला आणि हात बाजूला केले. "काकू, आता तुमची तुम्ही चालवा. मला सहा महिन्यांपासून माहीत होतं."

काकूंनी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "मला पहिल्या आठवड्यापासून," त्या म्हणाल्या. "पण मग तू शेजारी कशाला बसली असतीस?"

त्या दिवशी त्या एकट्याच चाळीस गाड्यांत एकतिसाव्या आल्या. मुलाने माझं तिकीट काढलं, जायचंही आणि यायचंही.

दादा, तुझ्या हळदीत मी नाचले, तू पाहिलंस. पण चार वाजता माझं उजवं बोट आपोआप दाबलं जात होतं, ते नाही पाहिलंस. तू म्हणालास, "आता ऱ्हा की इथंच." मला हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही.

२०१९ चालू आहे आणि मी परत नवव्या मजल्यावर आहे. लिफ्ट अजून दुसऱ्याच मजल्यावर थांबते. बटण डावीकडेच आहे, काकू एकट्या चालवतात, परवा बाविसाव्या आल्या. माझे हात रिकामे असतात, तरी चार वाजले की मी शेजारी जाऊन बसते. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून डहाणूच सांगते. या वेळी आयने भाजून दिलेल्या बोंबलांची पुडी मात्र काकूंनीच बाल्कनीत नेऊन उघडायला लावली. वास घेतला, नाक मुरडलं, आणि म्हणाल्या, "इथंच बसून खा. मला समुद्राचं सांग."