कुठल्यातरी गावचा सण

माझ्या धाकट्या दिरानं मेक्सिकोतली मुलगी केली, तेव्हा लोहाऱ्यात आमच्या घरी पहिला प्रश्न निघाला तो, ती भाकरी खाईल का. ती आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटली. प्रश्न मिटला. दिराचं काम लॅपटॉपवर, कुठूनही चालणारं. म्हणून दोघं जूनपासून दिवाळीपर्यंत आमच्याकडंच राहिली.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. साखर निघाल्यापासून सासूबाईंनी त्यांचं गोड बंद केलेलं. सूट एकच, सणाला वाटीभर खीर.

जुलैत धाकटीनं सांगितलं, की त्यांच्या ओआहाका शहरात आता डोंगरावर मोठा सण असतो. गावोगावचे लोक नटूनथटून नाचतात आणि नाच झाला की आपल्या गावची फळं, पाव, टोप्या बघणाऱ्यांकडं फेकतात. मी ते मराठीत सांगितलं.

"फेकत्यात? हातात द्यायला काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या. पण सुनेचा सण, म्हणून तिला तिच्याकडची खीर करू दिली. दुधात शिजवलेला भात, वर दालचिनी. मामंजींनी वाटी बोटानं पुसून घेतली.

ऑगस्टच्या शेवटी तिच्या गावी जनावरं सजवून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात, कुत्री-मांजरंसुद्धा. "म्हंजे पोळाच की," सासूबाई खूश झाल्या. पुन्हा खीर.

इथून मामंजींना सवय लागली. सकाळी चहा घेता घेता ते धाकटीला विचारायचे, "पोरी, आज तुमच्याकडं काय असतंय?"

एकदा ती नव्यानं शिकलेल्या मराठीत म्हणाली, "आज काही नाही, मामंजी."

त्यांचा चेहरा इतका पडला, की ती जरा विचारात पडली. मग मला इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडं प्रत्येक गावाचा एक संत असतो आणि प्रत्येक संताचा एक दिवस. गावं हजारो आहेत. कुठंतरी आज सण असणारच."

मी मामंजींना सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "कुठंतरी हाय म्हंजे हायच की."

त्या आठवड्यात तीनदा खीर झाली. सासूबाई दर वेळी दूध तापवत पुटपुटायच्या, "लई देवभोळी माणसं दिसत्यात."

सोळा सप्टेंबरला तिचा स्वातंत्र्यदिन आला. तिकडं आदल्या रात्री बाल्कनीतून घंटा वाजवून जयजयकार करतात. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळं तिच्या आईनं चौकातूनच व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे फोनभोवती बसलो. गर्दी ओरडली तशी धाकटी ओरडली, मामंजीही ओरडले. सासूबाईंनी हात जोडले. मग दिराला म्हणाल्या, "विहीणबाईंना विचार, एवढे सण करून दमला असाल. गेल्या आठवड्यात तर तीन झाले."

दिवसभर लॅपटॉपवर असलेल्या दिराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं जसंच्या तसं विचारलं आणि उत्तरही जसंच्या तसं सांगितलं, "त्या म्हणतात, कुठले तीन? जनावरांच्या सणानंतर आजचाच."

मामंजी पाण्याची मोटार बघायला म्हणून उठले. लाईट गेलेली होती.

सासूबाई रागावल्या नाहीत, हेच मला खटकलं. संध्याकाळी त्या धाकटीजवळ बसल्या आणि मला म्हणाल्या, "सांग तिला, उद्या आपला सण हाय. मराठवाडा निजामाच्या राज्यातनं सुटला तो दिवस. तुमच्यासारखाच झेंडा, तसाच जयजयकार. फक्त आपल्याकडं घरातला मोठा माणूस त्या दिवशी उपास धरतो. गोडाला तर शिवत बी न्हाय."

त्यांनी माझ्याकडं मुद्दाम पाहिलं नाही. मी शब्दही न बदलता भाषांतर केलं. धाकटीनं मन लावून ऐकून घेतलं.

सकाळी तहसीलवर झेंडावंदन झालं. जिलेबीचा डबा फिरत आला. मामंजींचा हात पुढं झाला, तोच धाकटीनं तो हळूच खाली केला. "न्हाय, मामंजी. उपास."

शेजारी त्यांचे जुने ड्रायव्हर उभे होते. "आज कसला उपास, कंडक्टर?"

मामंजींनी बायकांच्या घोळक्यात उभ्या सासूबाईंकडं पाहिलं. त्या एकटक झेंड्याकडं बघत होत्या.

"मुक्तीचा," मामंजी म्हणाले.

दिवसभर त्यांना भगर आणि ताक मिळालं. धाकटीला खरं कळलं ते संध्याकाळी. आधी ती हिरमुसली, मग इतकी हसली, की तिला ठसका लागला. तिनं लगेच आईला फोन करून सगळी हकिगत सांगितली. आई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, उपासाला काय चालतं, काय नाही.

त्यांच्या यजमानांनाही साखर आहे. पुढच्या वर्षापासून ओआहाकातल्या त्या एका घरात मराठवाडा मुक्तिदिन कडक पाळतात.