डोक्याच्या पाण्यात औषध चढलं नाही

ज्या माणसाने माझ्या बायकोला अर्धं औषध टोचलं, तो अजून दवाखाना चालवून राहिला आहे आणि मी त्याच्या दारासमोर बसतो. का बसतो, ते लिहून ठेवायचं आहे. लोक म्हणतात म्हातारा बायको गेल्यापासून सटकला. मी सटकलो नाही. मी चौथी शिकलेलो आहे, लिहिण्यात चुकलं तर चुकलं, पण सांगण्यात चुकणार नाही.

मी पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह खोलायच्या कामावर होतो. कोणत्या वस्तीचं पाणी कधी सोडायचं, किती आटे फिरवायचे, हे माझ्या हातात होतं. आता पेन्शनीत आहे. बायको सौंसरची. लेक लग्न होऊन दूर गेली, घरात आम्ही दोघंच होतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला ताप आला. दोन दिवस आम्ही ऊन लागलं म्हणून कांदा लावत बसलो. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. मान लाकडासारखी ताठ. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं म्हणाले. आमच्याकडे म्हणतात की पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, म्हणून मी अर्धा तास कागदावर सही केली नाही. मग केली. ते पाणी मी पाहिलं. नितळ असायला पाहिजे होतं, ते पेजेसारखं होतं. मेंदूभोवतीच्या पाण्यात पू झाला आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुया सुरू झाल्या. पाचव्या दिवशी तिने डोळे उघडून विचारलं, "गाय कोण पाहून राहिलं?" आमच्याकडे पंधरा वर्षांपासून गाय नाही. सहाव्या दिवशी म्हणाली, "मले घरी ने, इथलं वरण पाण्यासारखं आहे." मग मी समजलो, बाई परत आली.

ती घरी जायचंच धरून बसली. डॉक्टरीणबाईंच्या मनात नव्हतं. अजून पाच दिवस सुया बाकी होत्या, सकाळ-संध्याकाळ, एका वेळेला दोन शिश्या. गावात देणारं कोणी भरवशाचं आहे का, त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून हो म्हणालो. त्यांनी बायकोच्या हातातली नळी तशीच राहू दिली, कागदावर सगळं लिहून दिलं आणि वीस शिश्या घेऊन आम्ही घरी आलो.

भरवशाचा माणूस म्हणजे तिच्या काकाचा पोरगा. तिचा धाकटा चुलतभाऊ. त्याची आई लवकर गेली म्हणून तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवला. सौंसरला एका डॉक्टराकडे तो बरीच वर्षं कंपाउंडर होता. मग पांढुर्ण्यात स्वतःच पडदा लावून, बोर्ड ठोकून बसला. लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले. सगळ्यांत आधी माझी बायको म्हणू लागली. पाहुणे आले की ती त्याला मुद्दाम बोलवायची, आमच्यातला डॉक्टर म्हणून दाखवायला.

शिश्या त्याने आपल्या फ्रिजात ठेवल्या, तुमच्या घरी उकडते म्हणाला. मी सकाळ-संध्याकाळ तिला रिक्षाने न्यायचो. तो पडद्यामागे औषध भरायचा, बाहेर येऊन हळूहळू नळीतून सोडायचा. नागपूरच्या सुयांनी तिच्या तोंडात फोड आले होते. म्हणून पहिल्या सुईच्या आधीच मी त्याला म्हणालो, "औषध लई गरम पडून राहिलं रे हिला." हे मी म्हणालो. लपवत नाही. आमच्याकडे सगळेच म्हणतात. सुई गरम, गोळी गरम, मग ताकावर ताक. तो म्हणाला, "पाहतो भाऊजी, तुम्ही टेन्शन नका घेऊ."

पाच दिवस झाले, सुया संपल्या. तिने स्वतः भाकर थापली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी भाकर तव्यावर टाकून ती तिथंच बसली आणि डोकं धरलं. आम्ही नागपूरला पोचलो तोपर्यंत ती बोलायची थांबली होती. चार दिवसांनी गेली.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवलं. घरी सुया कोणी दिल्या, किती दिल्या, एका वेळेला दोन शिश्या होत्या ना, असं खोदून विचारलं. मी म्हणालो, असतील. मग मी विचारलं की ताप तर उतरला होता, मग कसं झालं. त्या भल्या बाई. मला समजेल असं सांगितलं.

मेंदूभोवती जे पाणी असते, ते रक्तातूनच गाळून तयार होते, दिवसभर नवीन होते आणि जुनं परत रक्तात जाऊन मिळते. पण रक्तातलं सगळंच त्या पाण्यात जात नाही. मधे भिंतीसारखं आहे. साखर जाऊ देते, बाकी बरंच अडवते. औषध तर मोठ्या मुश्किलीने थोडंसं जाते, आणि गेलेल्यातलंही काही ती भिंत उचलून परत बाहेर फेकते. म्हणून डोस मोठा लागतो. दुखण्यात ती भिंत सुजते, तिला फटी पडतात, तेव्हा औषध बऱ्यापैकी आत शिरते.

"आणि बाबा, माणूस बरा व्हायला लागला ना, की फटी बुजतात," त्या म्हणाल्या. "ताप उतरल्यावरच औषध आत जाणं जास्त कठीण. म्हणून शेवटच्या सुईपर्यंत डोस कमी करायचा नसतो."

मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चढावरच्या वस्तीला पाणी द्यायचं तर व्हॉल्व्ह पूर्ण खोलावा लागतो. अर्धा खोलला तर खालच्या घरांचे हंडे भरतात, वरच्या नळाला नुसती हवा येते. खालच्याला वाटते पाणी आलं. तसाच तिचा ताप उतरला होता. अंगात औषध होतं, डोक्यात चढलं नव्हतं.

राख सावडून झाली, त्याच दिवशी मी त्याच्या दवाखान्यात गेलो. तो नव्हता. फ्रिज मी स्वतः उघडला. आमच्या पिशवीत दहा शिश्या होत्या, सीलबंद. विसातून दहा. पिशवी उचलून मी घरी आणली.

आमच्यात माणूस गेला की पुण्यानुमोदन करतात. बुद्धवंदना होते, मग लोक एकेक करून उठतात आणि गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. माइक असतो, मांडव असतो. हा चुलतभाऊही उठला. डोळे पुसत म्हणाला, "ताईच्या सेवेत मी कुठंच कमी पडलो नाही. मोठ्या दवाखान्यावाल्यांनी लवकर सोडलं, तिथंच घात झाला." लोक माना हलवत होते.

मी उठलो. पिशवीतून एकेक शिशी काढून तिच्या फोटोपुढे मांडली, दहाही. मग माइकवर म्हणालो, हे कमी पडलेलं आहे. हा सांगेल का कमी पडलं. मग चारजण उठले आणि मला धरून बसवलं. आजचा दिवस नाही म्हणे. माइक बंद केला. तो चप्पल घालून निघून गेला, जेवलाही नाही. त्याच्या वाटच्या बुंदीला मी हात लावू दिला नाही कोणाला, कुत्र्यांना घातली.

ठाण्यात तक्रारही दिली. साहेब म्हणाले, चौकशी होईल. होऊन राहिली असेल.

मला त्याचा तुरुंग नको होता. मला त्याच्या तोंडून एक वाक्य पाहिजे होतं, चार लोकांसमोर. मी अर्धं दिलं. बस.

मग मी नागपूरचा कागद खिशात घालून त्याच्या दवाखान्यासमोर स्टूल टाकून बसू लागलो. सकाळी तो शटर उघडायचा तेव्हा मी आधीच बसलेला. शिवी देत नव्हतो. येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच म्हणायचो, "डॉक्टर समोर भरतो का पडद्यामागे, तेवढं पाहून घ्या. माझ्या बायकोला पडद्यामागे भरून अर्धं देल्लं." काही हसायचे. काही आत जाऊन परत यायचे. महिनाभरात त्याच्या बाकावर माशा बसू लागल्या. मी माशा मोजत बसायचो. खोटं कशाला लिहू, मला गोड झोप लागत होती.

एक दिवस त्याने मला आत बोलावलं, चहा पुढे केला. हळूच म्हणाला, "भाऊजी, चुकलं माझं. तुम्ही गरम म्हणले म्हणून मी एकच सोडत होतो. ताप तर उतरला होता ना." मी म्हणालो, हे बाहेर येऊन म्हण. तो म्हणाला, धंदा बसेल. मी चहा तसाच ठेवून स्टुलावर येऊन बसलो.

नंतर तो दवाखान्यासोबत गावोगावच्या बाजारातही बसू लागला. तिगावला गेला, मी पॅसेंजरने तिगावला. लोधीखेड्याला गेला, मी बसने तिथं. पेन्शनरला वेळच वेळ. रामाकोन्याच्या बाजारात त्याने ताडपत्री लावली होती, सातआठ जण बसले होते. मी माझं वाक्य म्हटलं. त्या दिवशी त्याचा तोल गेला. सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "हो, देल्लं अर्धं. दहाही वेळा अर्धंच देल्लं. पण गरम पडून राहिलं, असं कोण म्हणलं होतं? सांगा ना लोकायले."

"मीच म्हणलो होतो," मी म्हणालो. "मी चौथी शिकलो. कागद तुले वाचता येत होता. बोर्ड तू लावला, मी नाही."

एक बाई नातवाला घेऊन बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "म्हणजे डॉक्टर, मागच्या बाजारी माह्या नातवाले किती देल्लं?" ती उठली. मागोमाग दुसरे उठले. तो रिकाम्या ताडपत्रीखाली एकटा उभा राहिला. मी डोळे भरून पाहिलं.

लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तो बोलला ना, आता पुरे करा. अर्ध्या डोसानेच आई गेली असं डॉक्टरीणबाईंनीही कुठं ठाम सांगितलं. खरं आहे. नक्की सांगता येत नाही, असंच त्या म्हणाल्या होत्या. त्यांना येत नसेल. रात्रंदिवस बायकोसोबत मी राहिलो, मला येते.

आणि माझ्या वाटचं मी घेऊन बसलो आहे. गरम हा शब्द माझ्या तोंडातून गेला, तो परत घेता येत नाही. ताक पीत नाही मी आता. पण माझ्या वाटचं मोठं झालं म्हणून त्याच्या वाटचं लहान होत नाही.

पुढच्या बाजारी मी पुन्हा गेलो. मला पाहून त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. म्हणाला, "म्हणलो ना भाऊजी मी. सगळ्यायसमोर म्हणलो. आता कायले आले?"

"एकदा म्हणला," मी म्हणालो. "तिले तू दहा वेळा टोचलं."

आणि मी स्टूल टाकलं.