मलावीला जायचं, म्हणून आधी पिंपळनेर

"मिशनरी आपल्याकडे यायचे असतात. आपण जायचं नसतं." जळगावातल्या एका मोठ्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, चिटणीस चहाचा कप माझ्यापुढं सरकवत अगदी शांतपणे म्हणाले. मी चहा घेतला नाही. बाहेर येऊन प्रदीपला म्हटलं, "उद्याच निघू. गाडीची हवा बघून घे."

आमची ओळख करून देते. मी करुणा, माहेर धुळ्याचं, जळगावच्या एका खासगी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नऊ वर्षं नर्स आहे. प्रदीप माझा नवरा. शेताशेतात ठिबक बसवून देणं हे त्याचं काम. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, तिथल्या एका मिशन दवाखान्यात नर्स हवी आहे आणि दवाखान्याच्या शेतीला पाणी देणारा माणूस हवा आहे. आम्ही दोघांनी अर्ज केला आणि निवडले गेलो. आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेची अट एकच: आमच्यामागं आपल्याच भागातली पन्नास घरं उभी राहिली पाहिजेत, जी आमच्यासाठी प्रार्थना करतील आणि दर महिन्याला जमेल ते पाठवतील. ईस्टरपर्यंत पन्नास घरं झाली तर जूनमध्ये विमान, नाही तर जागा दुसऱ्या कुणाला. निघालो तेव्हा अकरा घरं होती.

असा दौरा करायचं कुणाच्या मनात असेल तर पहिली सूचना: खानदेशात जानेवारीत फिरा. ऊन सोसतं, आणि भरीत-पुरी खायचे हेच दिवस. दुसरी सूचना: मोटारसायकलवर सकाळी नऊच्या आधी स्वेटरवर जुना शर्ट घाला, वारा आत शिरत नाही. आमचं पाच दिवसांचं पेट्रोल चौदाशेच्या आत बसलं. मुक्काम ओळखीच्या घरी, म्हणून लॉजचा खर्च नाही.

शुक्रवारी जळगाव ते पाचोरा. पन्नास किलोमीटर, रस्ता आता चांगला आहे, सव्वा तास पुरतो. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली कपाशी आणि मध्येच गव्हाचा हिरवा पट्टा. पाचोऱ्यात माझ्या सासूबाई एकट्या राहतात. सासरे रेल्वेत होते, ते गेल्यापासून आई आणि शेजारचे नाना असा रोजचा अंगणातला दरबार असतो. नाना शेतकरी, सत्तरीचे, शेती आता मुलांकडं दिलेली.

आईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, पण बोलल्या नाहीत. बोलले ते नाना.

"मंग तुमी तठे जाईसनी लोकेस्ना धरम बदलशात का?"

प्रदीप हसला. "नाना, तिथले बहुतेक लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत."

"मंग कसाले जातस?"

"दवाखान्यात माणसं कमी आहेत. आणि पाणी आहे पण शेतापर्यंत पोचत नाही."

"मंग तसं सांगाना सरळ. ठिबक बसाडाले जातस, असं."

इथं मला गप्प बसवेना. गेल्या सहा महिन्यांत कितीतरी जणांनी हाच सल्ला दिलाय: नुसतं नर्सिंग सांग, नुसतं ठिबक सांग, देवाचं नाव काढू नको, आजकाल लोक वेगळा अर्थ घेतात. मी म्हटलं, "नाना, येशूनं जा म्हटलं म्हणून आम्ही जातोय. ते लपवून फक्त ठिबकचं सांगितलं तर मी तुमच्याशी खोटं बोलले, असं होईल."

नानांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "हाई बरं शे. खोटं नको."

आई मात्र ताटं उचलताना म्हणाल्या, "मी होय म्हणणार नाही. मला विचारू पण नका." संध्याकाळी रेल्वे क्वार्टरमधल्या एका घरात प्रार्थनासभा झाली, पाच घरं तयार झाली. आई सभेला आल्या, मागं बसल्या, गाणी सगळी म्हटली. सकाळी निघताना डब्यात दशम्या होत्या. होय मात्र नव्हतं.

शनिवारी भडगावमार्गे पारोळा. मधला काही रस्ता उखडलेला आहे, कंबरेला पट्टा असेल तर बांधा. पारोळ्याचा किल्ला गावातच आहे, अर्ध्या तासात बघून होतो. खंदकाच्या कडेला बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. दुपारी एका शिक्षकांच्या घरी सात-आठ कुटुंबं जमली होती. प्रदीपनं नकाशा दाखवला, मी दवाखान्याचं सांगितलं. मग एक गृहस्थ, वयानं आमच्याएवढेच, मागून म्हणाले, "म्हणजे पैसा आमचा आणि फॉरेन तुमचं."

दोघं-तिघं हसले. प्रदीपचे कान लाल झाले. तो भांडणारा माणूस नाही, म्हणून ते काम माझ्याकडं येतं.

"भाऊ, तुम्ही दवाखान्यात पेशंट घेऊन आलात तर मला काय म्हणता?"

"सिस्टर म्हणतो."

"त्या सिस्टरची नोकरी मी सोडतेय. पेन्शनची नोकरी नाही, पण महिन्याच्या महिन्याला पगार होतो. तिथं तुमच्यासारख्या घरांनी दिलं तर जेवू. एवढं फॉरेन मला परवडतं. तुम्हाला द्यायचं नसेल तर देऊ नका, पण हसू नका."

शिक्षकांच्या बायकोनं शेवभाजी वाढायला घेतली, तिखट इतकं की सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि वातावरण सैल झालं. तीन घरांनी नावं दिली. ते गृहस्थ त्यांत नव्हते.

पारोळ्याहून धुळं चौपदरी रस्त्यानं पाऊण तास. धुळं म्हणजे माझं माहेर, माझी मंडळी, मिशन कंपाउंडमधली चिंचेची झाडं. इथं तरी दार उघडं असेल असं मी धरून चालले होते. रविवारी उपासनेच्या आधी मंडळीचे खजिनदार आबा दारातच भेटले. माझ्या लहानपणी हेच आबा आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवायचे.

"करुणा, सूचनांच्या वेळी प्रदीपरावांना दोन मिनिटं देतो. तू बोलायची गरज नाही. आणि मदतीचं काढू नका, कमिटीत ठरलंय. आपलीच मंडळी गरीब आहे."

"आबा, मग आम्ही बोलायचं काय?"

"प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणायचं."

मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. सूचनांच्या वेळी प्रदीप पुढं गेला. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "मला पाइपांतलं कळतं. बाळंतपणाच्या वॉर्डातलं काही कळत नाही, आणि खरं काम तिथलं आहे. माझी दोन मिनिटं मी माझ्या बायकोला देतो." आणि तो खाली बसला.

आम्ही हे ठरवलं नव्हतं. मी उठले. पुढं जाईपर्यंत काय बोलायचं ते माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या आजीचा जन्म याच कंपाउंडातल्या जुन्या दवाखान्यात झाला. बाळ आडवं होतं. जिनं आजीला बाहेर काढलं ती नर्स समुद्रापलीकडून आली होती. तिला कुणी पाठवलं? कुठल्या तरी गावातल्या बायकांनी, ज्यांनी धुळं कधी पाहिलं नव्हतं, ज्यांना या गावाचं नाव नीट उच्चारता येत नसेल. त्याही काही श्रीमंत नसतील. आपण इतकी वर्षं घेतच आलो. घ्यायची लाज नाही, पण घेत राहायची आता मला लाज वाटते. मी भीक मागत नाही. तुम्ही त्या बायका व्हा, एवढंच मागते."

आबा उभे राहिले. "वेळ झाली."

"झालं माझं, आबा," मी म्हटलं आणि जागेवर आले.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, माझी नजर टाळली. आबांनी टाळली नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. समोर येऊन म्हणाले, "कमिटीचा निर्णय बदलणार नाही. आणि तू मान राखला नाहीस."

"तुमचा मान आहे, आबा. म्हणून तर पाठीमागं नाही, तुमच्यासमोर बोलले."

तेवढ्यात महिला मंडळाच्या मावशी मागून आल्या. या बायका उन्हाळ्यात पापड आणि मसाले करून विकतात. मावशींनी आबांकडं न बघताच मला सांगितलं, "दर महिन्याचं मंडळाकडून येईल. कमिटीला कशाला विचारायचं, पापड आमचे आहेत." आबा चपला घालून गेले. अंगणातून घरी जाईपर्यंत आणखी आठ घरांनी नावं दिली. मला आनंद झाला, पण आबांची पाठ दिसत राहिली. ज्यांनी माझ्याकडून बायबलमधलं पहिलं वचन पाठ करून घेतलं, त्यांच्याशी भांडून जायचं मला नव्हतं. तरी मी तेच पुन्हा बोलेन.

सोमवारी सकाळी साक्री. हायवे मोकळा, पुढं डोंगरांच्या कडेनं पवनचक्क्या दिसायला लागतात, वारा गाडीला आडवा ढकलतो. साक्रीत वडापाव-चहा दोघांचा साठ रुपयांत झाला. पिंपळनेरच्या पुढं मोठा रस्ता सोडून डोंगराकडं आत वळायचं, शेवटचे चार किलोमीटर मुरमाचे. तिथल्या एका पाड्यावर पंचवीसेक घरांची मंडळी आहे. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन. पाळक स्वतः कांदा लावतात, ते शेतातून हातपाय धुऊन आले.

इथं कुणी हसलं नाही, कुणी अडवलं नाही. मी धुळ्यात बोलले तेच बोलले, बहुधा जरा जास्तच जोशात. सगळं ऐकून झाल्यावर पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात वर केला. सगळे तिला अक्का म्हणत होते.

"माय, आमना पाडामा नर्स नही शे. तू तठे काबर जास?"

मी म्हटलं, "अक्का, तिथून बोलावणं आलं."

"आम्हीबी त बलाई ऱ्हायनूत."

तिनं शेजारी बसलेल्या तरुण बाईकडं हात केला. ती तिची सून. मागच्या पावसाळ्यात कळा सुरू झाल्या, मुरमाचा रस्ता वाहून गेलेला, झोळी करून तिला खांद्यावर नेलं. मोठ्या रस्त्यापर्यंत पोचायच्या आत बाळ झालं आणि गेलं. सून मान खाली घालून ऐकत होती. अक्कानं हे तक्रारीसारखं सांगितलं नाही. माहिती द्यावी तसं सांगितलं.

चिटणिसांना, पारोळ्याच्या भाऊंना, आबांना माझ्याकडं उत्तर होतं. मी म्हटलं, "अक्का, माझ्याकडं याचं उत्तर नाही."

अक्का म्हणाली, "मंग नको दे. तू जाय. पन जावाना पहिले आठे ये." जायच्या आधी इथं येऊन काम कर, असं.

त्या पाड्यावर सुनीता नावाची आशा सेविका आहे. हुशार, चटपटीत. तिच्याकडं बीपीचं मशीन होतं, पण मोजताना हात बसलेला नव्हता. त्याच दुपारी आम्ही दोघींनी चार गरोदर बायकांचं बीपी घेतलं. एकीच्या पायांवर सूज होती आणि आकडा बराच वर गेला होता. पाळकांनी लगेच जीप सांगितली, प्रदीप त्यांच्याबरोबर पिंपळनेरच्या दवाखान्यात गेला. तिला दाखल करून घेतलं. नंतर कळलं, ती आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत.

मंगळवारी एका दमात जळगाव गाठलं. वाटेत मुकटीजवळ चहाला थांबलो तेव्हा मी प्रदीपला म्हटलं, "राजीनामा आत्ताच देते. जूनपर्यंत आठवड्यातले चार दिवस पाड्यावर."

"मग बाकीच्या मंडळ्या कधी फिरायच्या? पन्नास कशी होतील?"

"होणार नाहीत बहुतेक."

त्यानं चहा संपवला. "तुझ्यासाठी एसटीचा पास काढू की मीच सोडत जाऊ?" लग्नाला सात वर्षं झाली, अजून या माणसाचं मला नवल वाटतं.

ईस्टरला अडतीस घरं झाली. संस्थेच्या साहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, नियम नियम आहे. मी म्हटलं, "मग आम्हाला नाही म्हणून लिहून द्या. कारणही लिहा." आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं: तीन वर्षांऐवजी आधी एक वर्ष या, पुढचं पुढं बघू. आम्ही कबूल केलं. पाचोऱ्याच्या आई अजूनही होय म्हणालेल्या नाहीत आणि आम्ही पुन्हा विचारलंही नाही. आबांनी महिला मंडळाचे पापड यंदा दोन किलो घेतले, असं मावशींनी कळवलं. त्याचा अर्थ काय लावायचा, मला ठाऊक नाही.

आता घरी आहे, उद्या पुन्हा पाड्यावर जायचं म्हणून पिशवी भरून ठेवली आहे. सुनीता आता एकटीनं तपासते, चुकली तर स्वतःच पुन्हा मोजते. पाड्याला नर्स अजून मिळालेली नाही आणि मी जूनमध्ये जाणार, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती एकमेकांत बसवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. मलावीत कधी कुणी विचारेल, तुमच्याकडं सगळं ठीक झालं म्हणून इकडं आलीस का. मी नाही म्हणेन, आणि पुढच्या पेशंटच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायला घेईन.