इनासची तिसरी ओळ

महाड-पोलादपुरात लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघतात, मग इनास मार्तिसला फोन लावतात, आणि इनास मोकळा नसेल तर तारीख पुढे ढकलतात. सिसिलियाला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा थट्टाच वाटली होती. मग एकदा तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. एक वरबाप भटजींना फोनवर समजावत होता, "मुहूर्त काय, दुसरा निघेल. इनासभाऊ दुसरा निघणार नाय."

हा दुसरा न निघणारा माणूस गेली सत्तावीस वर्षं तिचा नवरा होता.

इनास मूळचा कोर्लईचा. महाडच्या एमआयडीसीत कामाला आला तो बापाचा ट्रम्पेट बगलेत मारूनच. दिवसा केमिकलच्या कंपनीत व्हॉल्व फिरवायचा आणि रविवारी ख्रिस्ती देवळात ट्रम्पेट फुंकायचा. कंपनी बंद पडली तेव्हा शेजारपाजारचे भेटायला आले, बायकांनी सिसिलियाचा हात धरला. इनास आतून चहा घेऊन आला आणि म्हणाला, "बरं झालं. आता तीनच व्हॉल्व सांभाळायचे, तेपण बोटाखालचे." त्याच आठवड्यात तो बँजो पार्टीत शिरला आणि वर्षभरात पार्टी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

काळजी नावाची गोष्ट इनासच्या वाट्याला आलेलीच नव्हती. त्याच्या वाटणीची सिसिलिया करायची. ती शाळेत मुलांना भूगोल शिकवायची आणि घरी येऊन रोवेनाची काळजी करायची. रोवेना त्यांची एकुलती एक. तिचं वसईच्या मुलाशी लग्न ठरलं, ईस्टरनंतरचा रविवार मुक्रर झाला, तेव्हा इनासने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "एवढ्या लोकांच्या पोरी वाजवत नेल्या. माझ्या पोरीला देवळाच्या पायरीपासून वेदीपर्यंत मीच वाजवत नेणार."

यात अडचण एकच होती. फादर ऑस्विन.

फादर नवीन होते, तरुण होते, वसईचे होते आणि संगीत शिकलेले होते. शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट. आधीचे म्हातारे फादर कानाने जरा कमी, त्यामुळे इनास रविवारच्या मिस्सेत, ऐन प्रार्थनेत, काय वाजवतोय याची त्यांना चिंता नव्हती. फादर ऑस्विननी पहिल्याच रविवारी ऐकलं की स्तोत्र संपता संपता इनास हळदीच्या गाण्याची एक गिरकी मारतो आणि त्या गिरकीवर मंगलोरच्या काकूंपासून केरळच्या नर्सपर्यंत सगळ्यांच्या चपला हलतात. दुसऱ्या रविवारपासून देवळात ट्रम्पेट बंद झाला.

रोवेनाच्या लग्नाचं विचारायला दोघं गेले तेव्हा फादर शांतपणे म्हणाले, "इनासभाऊ, देवळात वाजवायचं तर वाद्यही पवित्र राहिलं पाहिजे. उपवासकाळ पाळा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत तुमच्या वाजवण्यावर कुणी नाचता कामा नये. एवढं जमलं तर लग्नात खुशाल वाजवा."

"नाय नाचणार, फादर," इनास म्हणाला.

बाहेर आल्यावर सिसिलिया रस्त्यातच थांबली. "अहो, स्वतःच्या पायांची हमी द्यावी माणसाने. तुम्ही अख्ख्या तालुक्याच्या पायांची देऊन आलात."

"बघू गो."

"आणि शिमगा? नाते गावची पालखी कधीची घेऊन ठेवलीय तुम्ही."

इनासच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की शिमगा दर वर्षी उपवासकाळातच येतो हे त्याला आत्ताच आठवलं.

नात्याला नाही म्हणणं शक्य नव्हतं. कंपनी बंद पडली त्या वर्षी पहिली सुपारी त्याच गावाने दिली होती. टेंपो आणि स्पीकर मुजम्मिलचे असत. यंदा राखेचा बुधवार आणि रमजान अगदी पाठोपाठ आले होते, त्यामुळे मुजम्मिललाही घरून ऐकून घ्यावं लागत होतं. "उस्ताद, आपली दोघांची गाडी एकाच ट्रॅफिकमधी अडकली," तो म्हणाला. "मी स्पीकर लावतो आनि कानात कापूस घालून टेंपोत बसतो. तुमी काय करनार?"

"असं वाजवीन की कुणाला नाचावंसंच वाटणार नाय."

त्याच्याकडे तशी चीज होती. फादरांनी गायनमंडळाला उपवासकाळासाठी एक नवं गीत शिकवलं होतं, खांद्यावर भार घेऊन टेकडी चढण्याचं. इतकं संथ की दुसऱ्या कडव्याला सिसिलियाला नेहमी जांभई यायची. पालखीच्या दिवशी ती मुद्दाम नात्याला गेली, नवऱ्याचा शब्द मोडतोय की राहतोय ते डोळ्यांनी बघायला.

सकाळीच पालखी सहाणेवरून, तिच्या दगडी चौथऱ्यावरून, उठली. भोई कमरेला शेले बांधून तयार, पोरं गुलालाने माखलेली. इनासने डोळे मिटले आणि टेकडीचं गीत सुरू केलं.

सगळं गाव जागच्या जागी थांबलं. एका बाईने पदर डोक्यावर घेऊन सिसिलियाला हळूच विचारलं, "कोन वारलं का गो?"

सिसिलियाला हायसं वाटलं. पोरं वैतागून मागे सरली, एकाने ओरडून फर्माईश केली, इनास डोळे मिटूनच राहिला. दोन ओळी झाल्या, तिसरी आली. आणि पुढचा भोई, कोंडाजी, सत्तरीचा माणूस, त्याने खांद्यावरची पालखी सावकाश वर उचलली, सावकाश डावीकडे झुकवली आणि एक पाय टाकला.

"हां," कोंडाजी म्हणाला. "ह्ये आमच्या गुडघ्यांचं हाय."

मग जे झालं ते सिसिलियाने ओंजळीत तोंड धरून पाहिलं. ओट्यांवर बसून राहणारी, बँजोच्या धडधडाटात कित्येक वर्षं पाऊल न टाकलेली सगळी म्हातारी मंडळी एकेक करून खाली उतरली. काशीबाईने काठी नातसुनेच्या हातात दिली. भिकूअण्णा, ज्यांना घरचे दाराबाहेर सोडत नसत, ते धोतर सावरत मधोमध आले. सगळं नाते गाव भरल्या होडीसारखं डुलायला लागलं. इनासने एकदा डोळे उघडले, बायकोकडे बघितलं, घाबरून परत मिटले. थांबावं तर ताल तुटून पालखी कलंडणार, आणि खालचे खांदे सत्तरीचे.

"तुमी नाचवलं नाय, उस्ताद," परतीच्या वाटेवर मुजम्मिल म्हणाला. "ते आपनहून नाचले. मी साक्षीला येतो."

"कानात कापूस होता ना तुझ्या?"

"डोल्यांत नव्हता."

व्हिडिओ तर संध्याकाळच्या आत फिरला. पुढच्या लग्नात लोकांनी 'नात्याचं हळूवालं' मागितलं. इनास घरी दार लावून बसला, तर इतर पार्ट्यांनी ते उचललं. कुडपणच्या हळदीत वाजलं. पोलादपूरच्या स्टँडवर रिक्षावाल्याच्या फोनची रिंगटोन म्हणून सिसिलियाने ते ऐकलं आणि तिची बस चुकली. आजी-आजोबा ज्या लग्नात नाचले नाहीत ते लग्नच नव्हे, असं आता लोक म्हणू लागले. सिसिलिया रोज देवाला एकच मागायची, की फादरांना काही दिवस सर्दी होऊन कान बंद राहू देत.

देवाने ऐकलं नाही. फादर एका आजाऱ्याला भेटून पोलादपूरहून परतत होते. आंबेनळी घाटाचा रस्ता फुटतो तिथे वरात आडवी आली आणि त्यांची स्कूटर तिच्या मधोमध अडकली. हळूवाली वरात म्हणजे किती वेळ अडकली असेल ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. फादरांचा चेहरा लाल होता.

"लोक नाचले?"

"नाचले, फादर." इनास खोटं बोलत नसे, ही सिसिलियाची आणखी एक काळजी.

"ते गीत कुणाचं आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"पुस्तकातलं असेल."

"माझं आहे. सेमिनरीत असताना केलं. तीन देवळांत शिकवलं, एकाही ठिकाणी कुणी धड गायलं नाही. लोकांना झोप येते म्हणे." सिसिलियाने नजर जमिनीवर ठेवली. "आणि आता अख्खा तालुका ते गुणगुणतोय. चुकीचं! तिसऱ्या ओळीला सूर खाली जातो. माणूस भाराखाली वाकतो तिथे. तुम्ही वर नेलात."

इनासचे कान टवकारले. आतापर्यंत तो मान खाली घालून उभा होता. ती मान वर आली. "फादर, खाली नेला तर पालखी खाली येते. तिथेच तर उचलायची असते. भार उचलल्याशिवाय माणूस टेकडी चढेल कसा?"

"मी लिहिलंय ते मला माहीत."

"मी वाजवलंय ते मला."

सिसिलियाला वाटलं, दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत. मुलीचं लग्न तोंडावर आलंय आणि हे दोघे एका सुरासाठी शिंगं रोखून उभे.

"फादर," ती मध्ये पडली, "लग्नात वाजवू द्याल की नाही, तेवढं सांगा."

"शब्द मोडलाय," फादर म्हणाले. "पण मुद्दाम नाही. वाजवा. हेच गीत वाजवा. मात्र तिसरी ओळ खाली. नाहीतर ट्रम्पेट फाटकाबाहेर."

"उपवासकाळाचं गीत लग्नात?"

फादर खाकरले. "लग्नाचे शब्द मी बसवलेत. कालच."

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "रोवेनासाठी खाली या."

"येतो," इनास म्हणाला. हा 'येतो' तिच्या ओळखीचा होता. जेवायला येतो म्हणून तो दोन-दोन तास येत नसे.

लग्नाच्या दिवशी देऊळ भरलं होतं. मागच्या बाकांवर नात्याची म्हातारी मंडळी इस्त्रीचे कपडे घालून बसली होती, मुजम्मिल दाराशी. सिसिलिया पहिल्या बाकावरून मान वळवून बघत होती. पायरीशी इनास, उजव्या हातात ट्रम्पेट, डाव्या कोपराला रोवेना. पहिली ओळ आली, स्वच्छ. वेदीपाशी फादर ताठ उभे होते. दुसरी ओळ आली. बापलेक शेवटच्या पायरीवर पोचले.

उंबऱ्यापाशी रोवेनाचा पाय घोळदार झग्यात अडकला. तिने बापाचं कोपर गच्च ओढलं आणि ट्रम्पेट ओठांवरून निसटला. तिसरी ओळ आलीच नाही. वर नाही की खाली नाही.

इनास एका हाताने लेकीला सावरत होता, ट्रम्पेट काखेत लोंबत होता. आणि वेदीकडून गाणं आलं. फादर ऑस्विन गात होते, मोकळ्या आवाजात, तिसरी ओळ. आणि ती वर गेली.

सिसिलिया गर्रकन वळली. फादर तिच्या नजरेला नजर न देता छताकडे बघत होते, पण सूर सोडत नव्हते. आणखी वर नेत होते. मागच्या बाकावरून कोंडाजी उठून उभा राहिला, त्याच्या पाठोपाठ काशीबाई. रोवेना खुदकन हसली, झगा मुठीत धरला आणि उंबरा ओलांडला. इनासने ट्रम्पेट ओठांना लावला आणि चौथी ओळ तिथूनच, फादरांनी नेऊन ठेवली होती तिथूनच उचलली.