धुण्याआधी बोलवा

समजा, सकाळी तुम्ही लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताय. धाव विस्तवात लाल झाली आहे, आता दोन मिनिटांत उचलली नाही तर वाया जाणार. तेवढ्यात कुणीतरी घोड्यावरून येतो आणि सांगतो, "वायली स्ट्राउड मेला. गोळी लागलीय." धाव तशीच टाकून तुम्हाला निघायचं आहे. नऊ मैल. पोचल्यावर आसपासच्या शेतांतले बारा पुरुष गोळा करायचे, त्यांना मृतदेहाभोवती उभं करायचं, बायबलवर हात ठेवून शपथ घालायची, आणि दिवस मावळायच्या आत कागदावर लिहायचं की हा माणूस कशाने मेला आणि कुणाच्या हातून. तुम्ही डॉक्टर नाही, वकील नाही. तुम्हाला चाकं करता येतात. शिवाय त्या बारांतल्याच एखाद्याने मारलं असेल, हेही मनात ठेवायचं. कारण आमच्याकडे माणूस परक्याच्या हातून फारसा मरत नाही.

एनॉक टार्पलीने हे सव्वीस वर्षं केलं. तो आमच्या टर्नबो काउंटीचा कॉरोनर होता. निवडणुकीत त्याच्याविरुद्ध कुणी उभं राहत नसे. "मत देतात, जेवायला बोलवत नाहीत," असं तो म्हणायचा. त्याची भुरी घोडी रस्त्याला दिसली की बायका अंगणातली पोरं मोजून घेत. चर्चमध्ये तो ज्या बाकावर बसे, त्या बाकावर त्याच्याशिवाय फक्त त्याची टोपी असे. बायको लुरॅना तापाने गेली. तिच्यासाठी बारा माणसं गोळा करावी लागली नाहीत, एवढंच समाधान त्याने करून घेतलं आणि त्यानंतर घरात एकच ताट काढलं.

मी रेल्वेच्या मोजणीसाठी त्याच्या अंगणात साखळी टाकली तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. मला मापं कळतात हे पाहून तो माझ्याशी बोलायला लागला. पहिल्या दिवशी लाकडाची मापं झाली. वायलीची गोष्ट निघाली ती चौथ्या दिवशी.

एनॉकचं सगळ्या काउंटीशी एका गोष्टीवरून भांडण होतं. आमच्याकडे माणूस गेला की शेजारच्या बायका येतात, घड्याळ थांबवतात, आरशावर कापड टाकतात आणि पाणी तापायला ठेवतात. आपला माणूस रक्तामातीत पडून राहणं ही घराची लाज. त्यामुळे कॉरोनर पोचेपर्यंत मेलेला माणूस न्हाऊन, भांग पाडून, रविवारचा कोट घालून तयार असतो. आणि गोळी किती अंतरावरून लागली हे सांगते ती कपड्यावरची बंदुकीच्या दारूची काजळी; ती राखेच्या साबणाने पार निघून जाते. एनॉक एकदा प्रार्थनेनंतर उभा राहून बोलला, "हात जोडतो. धुण्याआधी मला बोलवा."

"ऐकलंत का!" मागून एक म्हातारी म्हणाली. "मेलेल्याला घाणेरडा ठेवा म्हणतोय. ह्याला स्वतःला कोण धुणार आहे, त्याची काळजी कर म्हणावं."

लोक हसले. ते उत्तर त्याला पुढे कायम आठवत राहिलं.

वायली स्ट्राउडचं घर लागलं तेव्हा दुपार झाली होती. अंगणात लाकूड फोडायच्या ओंडक्यावर आयसम बेट्स बसला होता, हात नांगराच्या दोरीने मागे बांधलेले. आयसम काळा माणूस, शेजारची जमीन खंडाने करायचा. आमच्याकडे तेव्हा डुकरं मोकळी सोडत आणि कुंपण पिकाला घालत. आयसमची डुकरीण कुंपण उकरून वायलीच्या मक्यात शिरली, वायलीने तिला गोळी घातली. त्यावर आयसम दुकानासमोर चार माणसांत एवढंच म्हणाला होता, "देव बघतोय." आता त्या दोन शब्दांची धमकी झाली होती. फाटकाबाहेर सहा माणसं घोडे धरून उभी होती. एकाच्या खोगिराला नवा दोर होता.

"ये, एनॉक," गिरणीवाला डॉक हेनी म्हणाला. त्या बारा पंचांचा म्होरक्या नेहमी तोच. "तुझी घोडी इतकी हळू आली, म्हटलं आज तिचाच पंचनामा करायचा की काय."

"आयसमला कुणी बांधलं?"

"त्याने स्वतः तर नाही बांधलं."

"मी कागद पुरा करेपर्यंत तो ह्या फाटकातून बाहेर जाणार नाही."

"पुरा कर की मग. त्यांनाही घरी गाई पिळायच्यात."

आत दोन खुर्च्यांवर फळी टाकून वायलीला ठेवलं होतं. स्वच्छ. हात छातीवर. छातीत एकच भोक, अंगठा जाईल एवढं. त्याची बायको वॅश्टी मागच्या अंगणात मोठ्या लोखंडी हंड्यात कपडे उकळत होती. नवरा कुंपणापाशी पहिल्यांदा तिलाच सापडला होता, बंदूक शेजारी.

"वॅश्टीबाई, धुतलंत?"

"मग काय तसाच ठेवू?"

"सदरा?"

तिने काठीने हंड्याकडे दाखवलं. सदरा वर आला. भोकाच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. काजळीचा कणही नाही. एनॉकने डोळे मिटले. मग हंड्याशेजारी धुवायच्या बाकी कपड्यांचा ढीग होता, तो उलटला. विजार. दोन मोजे. एका मोज्याचा तळ कोरडा, घामाने पिवळा. दुसऱ्याच्या तळाला लाल माती थापल्यासारखी बसलेली, तिच्यात पाइनची सुईसारखी पानं रुतलेली. पायरीवर मात्र दोन्ही बूट होते, जोडीने ठेवलेले.

नळी छातीला लावली की लांब बंदुकीच्या चापापर्यंत माणसाचा हात पुरत नाही. पायाचा अंगठा पुरतो. त्यासाठी एक बूट काढावा लागतो, आणि तो बूट नंतर मेलेला माणूस स्वतः पायरीवर आणून ठेवत नाही.

एनॉकने मान वर केली. वॅश्टी त्याच्याकडे बघत होती. तिने ढवळणं थांबवलं नाही. त्याने तो मोजा घडी करून कोटाच्या खिशात घातला.

आमच्या चर्चच्या आवारात स्वतःहून मेलेल्याला जागा नाही. त्याला कुंपणाबाहेर पुरतात, आणि त्याच्या बायकोकडे लोक आयुष्यभर विचारल्यासारखं बघतात. हे वॅश्टीला माहीत होतं आणि एनॉकलाही. पण ओंडक्यावर एक जिवंत माणूस बांधलेला होता.

त्याने वायलीचीच बंदूक घेतली, वायलीच्याच पिशवीतले छरे, तेवढीच दारू. कोठाराच्या भिंतीवर पिठाची रिकामी पोती ठोकली आणि बाराही पंचांना उभं केलं. पंधरा पावलांवरून छरे थाळीएवढे पसरले. पाच पावलांवरून मुठीएवढे. दोन वितींवरून एकच भोक पडलं, अंगठ्याएवढं.

"म्हणजे जवळून," डॉक म्हणाला.

"मग आयसम जवळ गेला असेल," एकजण म्हणाला.

एनॉकचा हात खिशात गेला. बोटांना माती लागली.

डॉक थुंकला. "वायलीच्या हातात बंदूक, आणि तो आयसमला दोन वितींवर येऊ देतोय? अरे, वायली सख्ख्या सासऱ्याला पायरी चढू देत नव्हता."

दोघं-तिघं हसले.

"मग काय झालं म्हणतोस?" मघाच्याने विचारलं.

"कुंपण, दुसरं काय. भरलेली बंदूक, नळी धरून आडव्या लाकडांतून ओढली, चाप अडकला. माझा मेव्हणा असाच गेला. तो तर शहाणा होता."

बाकीचे माना डोलवू लागले. प्रत्येकाच्या घरात असा एखादा मेव्हणा होता. एनॉक थांबला. कुणी अजून एक शब्द उलटा काढला असता तर तो मोजा पंचांसमोर टाकणार होता; तसं त्याने मला दोनदा सांगितलं. कुणी काढला नाही. त्याने लिहिलं: स्वतःच्या बंदुकीने, अपघाताने. पाच सह्या झाल्या आणि सात फुल्या.

आयसमचे हात त्याने स्वतः सोडले. बाहेरच्या सहांपैकी दोर आणलेला माणूस म्हणाला, "तुझ्या कागदाला आमचा मान आहे, टार्पली. आजच्यापुरता." मग ते गेले.

आयसमने मनगटं चोळली. "टार्पलीसाहेब," तो म्हणाला, "हे कागदावर लिहिलंय ते रस्त्यावर चालतं का?"

आठव्या दिवशी आयसम बायकापोरांना घेऊन काउंटी सोडून गेला, मका उभा टाकून. वायलीला चर्चच्या आवारात, त्याच्या आईशेजारी पुरलं.

त्यानंतर एनॉकशी त्या दिवसाबद्दल बोलू शकेल असं एकच माणूस काउंटीत उरलं, आणि ती त्याला पाहिलं की रस्ता बदलायची. पंचांना सांगावं तर वायली कुंपणाबाहेर जाणार. पाद्र्याला सांगावं तर तेच. लुरॅना असती तर तिला सांगितलं असतं. असे आणखी किती पंचनामे त्याच्या पोटात होते, ठाऊक नाही. पण बाकीचे त्याला झोपू देत, हा देत नसे.

सहा वर्षांनी वॅश्टी एकदा त्याच्याकडे आली. गाडीचं मागचं चाक आवाज करत होतं. तो आरे काढत होता, ती दारात उभी होती. अख्खी दुपार दोघंच. तिने एकदा पाणी मागितलं, त्याने दिलं. त्याच्या मनात वाक्य तयार होतं. चाक झालं, तिने ते हाताने फिरवून पाहिलं, म्हणाली, "आता वाजत नाही." आणि निघाली.

"विचारलं का नाही?" मी म्हटलं.

"हो म्हणाली असती तर ते खरं मानावं की नाही, हे कळलं नसतं," तो म्हणाला. "आणि नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं? तिचं चाक परत काढून घेतलं असतं?"

ती अजून जिवंत आहे, ओढ्यापलीकडे लेकीकडे राहते. एनॉक कधी कधी पायरीवर बसून तिकडे बघतो. माझी मोजणी संपली त्या दिवशी त्याने ते वाक्य मला एकदा म्हणून दाखवलं, अगदी तिच्यासमोर उभा असल्यासारखं:

"वॅश्टीबाई, माझी घोडी त्या दिवशी आणखी तासभर उशिरा पोचली असती आणि त्यांनी आयसमला फाटकाबाहेर नेलं असतं, तर तुम्ही हंडा सोडून फाटकापर्यंत आला असता का?"