तांब्याचा मणी पुढे

बहिणीच्या माळेला जरा चकाकी यावी म्हणून मी ती लिंबाचा रस आणि चुलीतली राख लावून, जुन्या दातब्रशानं अर्धा तास घासली. आमच्या आजीचं सोनं असंच धुतलं जायचं आणि सोन्यानं कधी तक्रार केली नव्हती. पण ही माळ सोन्याची नव्हती. तांब्याच्या मण्यांवर सोन्याचा मुलामा होता, आणि तो मी मोठ्या निष्ठेनं खरवडून काढला. वरून पाणी ओतलं तेव्हा निम्मे मणी लालभडक होऊन माझ्याकडे बघत होते.

कार्निव्हलचा सोमवार पाच दिवसांवर आला होता. त्या दिवशी गावातल्या बायका भरतकामाचा घेरदार पोयेरा घालून, डोक्यापासून कमरेपर्यंत दागिन्यांनी मढून मिरवतात. आमच्या वरच्या आळीच्या मिरवणुकीपुढे या वर्षी माझी बहीण लिनेथ चालणार होती, आणि तिच्या गळ्यात हीच माळ असणार होती.

माळ ओवली होती तिया बेनिल्दानं. ती आमची नात्यानं कोणी लागत नाही, पण तिला तिया म्हणजे मावशी न म्हणणारा माणूस आळीत जन्मायचा आहे. सकाळी कोपऱ्यावर मक्याच्या टॉर्टिया तळायच्या आणि दुपारी मणी ओवायचे, असं तिचं तीस वर्षं चाललेलं. चित्रे शहरातून मुलामा देऊन आलेले नवे मणी ती आधी स्वतःच्या गळ्यात घालते. चाळीस दिवस. कढईची वाफ, घाम, ऊन, सगळं त्यांच्यावर. मान हिरवी पडली, की तो अख्खा घाणा मुलामावाल्याच्या दारात नेऊन ओतते आणि वर चार शब्द फुकट देते. पास झालेले मणी ओवताना दोन मण्यांमध्ये गाठ मारते. ती म्हणते, मुलामा घामानं कमी आणि शेजाऱ्यानं जास्त जातो, माणसांचंही तसंच.

आणि प्रत्येक माळेत, मागच्या फाशाजवळ, एक मणी ती तांब्याचा ठेवते. उघडा, मुलाम्याशिवाय. माझी माळ घालून कोणी सोन्याची म्हणून मिरवू नये, एवढंच तिचं म्हणणं.

हा एक मणी दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एउदोसियाच्या डोळ्यांत कुसळासारखा सलायचा. वरच्या आळीतल्या बायकांना पोयेरा घालून सजवण्याचं काम या दोन्याचं. कोणाच्या गळ्यात काय जाईल ते तीच ठरवते, आणि तिच्यापुढे नवऱ्यांचं तर सोडाच, पाद्र्याचंही चालत नाही. दोन वर्षं ती तियाच्या मागे लागली होती, की तेवढा मणी काढ, मग तुझ्याच माळा सगळ्यांच्या गळ्यात घालते. तिया दर वेळी तिला गरम टॉर्टिया द्यायची आणि विषय बदलायची.

गुरुवारी लिनेथ पोयेरा घालून बघायला दोन्याकडे गेली, तेव्हा माळेचं माकड झालेलं सगळ्यांनी पाहिलं. दोन्यानं ती दोन बोटांत, मेलेली पाल धरावी तशी धरली. म्हणाली, हे बघा, एका लिंबात खेळ खलास. आता बेनिल्दाची एकही माळ माझ्या हाताखालून जाणार नाही. म्हणजे तियाचा धंदाच बसला, कारण दोन्या नाही म्हणाली की तालुका नाही म्हणतो.

सांगायला मीच गेलो. तिया टॉर्टिया उलटत होती. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लिंबू?"

"हो, तिया."

"आणि राख."

"हो."

"मासा समजलास का रे तिला? मीठ विसरलास." तिनं कढई उतरवली. "चल. तुझ्या गाढवपणाचा साक्षीदार लागेल."

एप्रन तसाच, हात तेलकट, ती तरातरा दोन्याच्या अंगणात गेली. तिथं सात-आठ बायका होत्या. तियानं स्वतःच्या गळ्यातली माळ काढून दोन्यापुढे धरली. चार वर्षं कढईपुढे घातलेली माळ, पण पिवळीधमक.

"दोन्या, लिंबूवाल्याला सोडा. ही बघा. घाम आला की सुती फडक्यानं पुसली, बाकी काही नाही. कुठं तांबं दिसतंय ते दाखवा."

दोन्यानं चष्मा चढवला, काढला, परत चढवला. मण्यांची भोकं सुद्धा तपासली. शेवटी बोट ठेवलं ते फाशाजवळच्या मण्यावर. "हे काय? हे तांबंच आहे की."

"ते मीच ठेवलंय. हीच माळ पोरीला घाला. आणि तो मणी मागे नको, पुढे येऊ दे. छातीवर."

"लोक हसतील, बेनिल्दा."

"हसू देत. मी काही लपवून विकत नाही."

लिनेथनं दोन्याची वाट पाहिली नाही. माळ घातली आणि तांब्याचा मणी पुढे फिरवला.

सोमवारी ऊन असं होतं, की ढोलवाल्यांचे सदरे पाठीला चिकटले. चौकात दोन्ही आळ्या समोरासमोर आल्या आणि खालच्या आळीच्या बायकांनी, दर वर्षीच्या रिवाजानं आमची टर उडवायला, तयार गाणं काढलं:

वरच्या आळीची राणी आली, बघा तिचा थाट,
आईची कढई मोडली तिनं, गळ्यात घातला काठ.

आमचे ढोल बिचकले. मी तर शरमेनं दुसऱ्याच्या छत्रीआड गेलो. लिनेथ थांबली, तो मणी दोन बोटांवर उचलला आणि निवांतपणे म्हणाली, "हा एक तांब्याचा. मी सांगितलं. तुमचे किती, ते तुम्ही सांगा."

खालच्या आळीत निदान पाच हात आपापल्या गळ्याकडे गेले. गाणं तिथंच संपलं.

संध्याकाळी दोन्या एउदोसियानं घामानं भिजलेली ती माळ स्वतःच्या पांढऱ्या रुमालानं पुसली आणि रुमाल उजेडात धरला. तांब्याच्या मण्याचा ठिपका सोडला, तर कळंकाचा एक डाग नव्हता. आठवड्यानं निरोप आला, पुढच्या वर्षासाठी बारा माळा हव्यात, पण मणी मागे. तियानं निरोप धाडला, मणी पुढे. तीन दिवसांनी दोन्या स्वतः कोपऱ्यावर आली, उभ्याउभ्या दोन टॉर्टिया खाल्ल्या आणि म्हणाली, "पुढे तर पुढे."

आता बारा माळांचे मणी म्हणजे दोन घाणे, आणि तियाला मान एकच. दुसरा घाणा माझ्या गळ्यात आला. लिंबाची शिक्षा म्हणून चाळीस दिवस. मी पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलतो, त्यामुळे घामाचा प्रश्न नव्हता. प्रश्न गिऱ्हाइकांचा होता. गुरं पाळणारी माणसं, ती मला लग्नाची तारीख विचारू लागली. एकतिसाव्या दिवशी खालच्या आळीची एक पोरगी सरकी घ्यायला आली, आणि ती यायच्या आत मी माळ काढून खिशात टाकली, ती परत घातलीच नाही. तियाला मी सांगितलं नाही. तिनं मोकळी मान बघितली आणि ओळखलं.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या ताटलीत टॉर्टिया टाकताना ती एकच शब्द म्हणते.

"नऊ."