तेरवीच्या पत्रावळी

सासूबाईंनी घरातून प्लास्टिक काढायचं ठरवलं ते गाईच्या काळजीनं. पर्यावरण वगैरे शब्द त्यांच्या तोंडी नसत. गल्लीतली एक गाय कॅरीबॅग खाऊन मेली होती आणि तिचं टम्म फुगलेलं पोट त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून धाड गावच्या बाजाराला कापडी पिशवी, तेलाला घरची किटली. भाजीची देठं, साली पिशवीत बांधून फेकायच्या नाहीत, घमेल्यात घालून गोठ्यातल्या आमच्या गाईपुढे न्यायच्या. मी शाम्पूची पुडी फाडली की फाडलेला कोपरा कुठे गेला, असं त्या विचारत. तो एवढासा तुकडा शोधत मी न्हाणीत वाकून फिरायची आणि मनातल्या मनात चिडायची. पोलिसात भरती व्हायला हवं होतं तुम्ही, असं एकदा त्यांना म्हणालेही. त्या हसल्या, पण तुकडा घेऊनच गेल्या.

गाय तशी सासऱ्यांची. त्यांच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. सासरे गेले आणि धार काढायला सासूबाई बसू लागल्या. गाय लाथ झाडायची, तरी त्या उठायच्या नाहीत. आठवड्याभरात तिनं त्यांना जवळ केलं. लोकांसमोर त्या रडल्या नाहीत, पण गोठ्यात त्यांचं बोलणं चालायचं. नवऱ्याची आठवण काढायला त्यांना तेवढी एकच जागा उरली होती, असं मला वाटायचं.

सासऱ्यांच्या तेरवीला त्यांची एकच अट होती: थर्माकोलची ताटं नकोत, प्लास्टिकचे ग्लास नकोत. पूर्वी पळसाची पानं आणून बायका घरीच पत्रावळी लावायच्या. पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी गुरांपुढे जायच्या. अन्नही वाया जात नसे आणि पानंही. आता पानं तोडायला जाणार कोण? दीर दुकानातून पत्रावळींचे गठ्ठे घेऊन आले. हिरव्यागार, वर पानाच्या शिरा छापलेल्या. सासूबाईंनी एक पत्रावळ वाकवून पाहिली, नाकाशी धरली आणि कागदच आहे ना, असं विचारलं. दुकानदारानं कागदच म्हणून सांगितलं होतं. दिरांनीही तेच सांगितलं. मागून ती खरोखर खाकी कागदाची होती. पुढून चकाकत होती, पण वरण झिरपू नये म्हणून काही लावलं असेल, यापलीकडे कुणी विचार केला नाही.

पंगती उठल्यावर सासूबाईंनी त्या पत्रावळी उकिरड्यावर जाऊ दिल्या नाहीत. वरणभात आणि बुंदी चिकटलेल्या पत्रावळी घमेल्यात भरून त्या स्वतः गोठ्यात घेऊन गेल्या.

"त्यायच्या नावचं जेवण हाये," त्या म्हणाल्या. "तिलेही भेटलं पाह्यजे."

गाय चवीनं खात राहिली. दुसऱ्या दिवशी उरलेल्याही तिलाच घातल्या.

पुढे काही दिवसांनी तिनं रवंथ सोडला. मग चारा सोडला, आणि डावी कूस फुगू लागली. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि पोट उघडावं लागेल म्हणाले. गोठ्यातच, तिला उभी बांधून, कूस चिरली. आतून ओल्या, चिकट, पातळ कागदासारख्या गुंडाळ्या निघत राहिल्या. खाकी कागद केव्हाच विरघळून गेला होता. उरला होता तो वरचा पापुद्रा, आणि त्यावर पानाच्या शिरा जशाच्या तशा. डॉक्टर टाके घालता घालता सांगत होते की कागदावर प्लास्टिकचा थर चिकटवलेला असतो, वरून कळत नाही.

सासूबाईंनी एक पापुद्रा उचलून बादलीत धुतला. तो अगदी स्वच्छ निघाला.

"मंग याले कागद काऊन म्हणतेत?" त्यांनी विचारलं.

टाके झाल्यावर गाय खाली बसली. ती काही उठली नाही. दोनेक दिवसांत ती गेली.

दीर दुकानदाराशी भांडून आले. तो म्हणे, वरून जे येतं ते मी विकतो. मला त्याचा भयंकर राग आला. नंतर वाटलं, त्यालाही खरंच माहीत नसेल, आणि ते जास्तच वाईट वाटलं. कारण मग चिडायचं कुणावर? आल्यागेल्यांनी सासूबाईंची समजूत घातली, तुम्ही काय जाणूनबुजून केलं का, असं म्हणाले. त्या मान हलवायच्या. पिशवी, किटली, घमेलं, सगळं त्यांनी तसंच चालू ठेवलं. फक्त मला कशाबद्दल टोकणं बंद केलं. मी पुडी कुठेही टाकली तरी त्या गप्प राहायच्या, आणि ते मला सोसवेना.

परवा सकाळी शेजारची गाय दाराशी येऊन उभी राहिली. सासूबाई सवयीनं चुलीवरची भाकर घेऊन उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. गाईनं मान पुढे केली. त्या मागे सरल्या आणि भाकर माझ्या हातात दिली.

"तू दे. मले आता माह्या हाताचं भेव वाटते."

गाय भाकर खाईपर्यंत त्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या.